मांडव्याच्या अविनाशकडून आपण काय घ्यायचं?



आज मी बचतीच्या हप्त्याचं बोलणार नाही, बँकेच्या कर्जाचंही नाही. आज एका खेळाडूचं बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आम्हाला खेळाचं काय घेणं? सकाळी पाणी भरायचं, रानात जायचं, रात्री भाकरी थापायच्या, यातून वेळ कुठाय? पण हा खेळाडू आपल्याच बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा आहे. त्याचं नाव अविनाश साबळे. वर्तमानपत्रात त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. गावागावांत त्याच्या अभिनंदनाचे बॅनर लागले तेव्हा वाचलंही असेल. पण तो नेमकं काय करतो आणि तिथवर पोचला कसा, हे आपण कधी बसून ऐकलेलं नाही. आज ऐकू, कारण त्यात आपल्या लेकींच्या कामाचं बरंच काही आहे.

अविनाशचा जन्म १९९४ सालचा. घर शेतकऱ्याचं. शाळा घरापासून सहा किलोमीटर लांब. गाडी नाही, म्हणून पोरगं सहा-सात वर्षांचं असल्यापासून रस्ता पायानेच तुडवायचं, कधी चालत तर कधी पळत. बारावी झाल्यावर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. घराला हातभार लागावा, हा साधा हिशेब. सियाचीनच्या बर्फात त्याने नोकरी केली, राजस्थानच्या उन्हात केली, सिक्कीमला केली. तोवर तो खेळाडू नव्हता, साधा जवान होता. २०१५ साली सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतींत, म्हणजे माळरानातून, चढउतारावरून पळायच्या शर्यतींत, तो उतरला. तिथे त्याचे पाय लोकांच्या नजरेत भरले. पुढे २०१७ मध्ये सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेस या प्रकाराकडे वळवलं.

आता स्टीपलचेस म्हणजे काय, ते सांगते. मराठीत त्याला अडथळ्यांची शर्यत म्हणतात. अंतर तीन हजार मीटर, म्हणजे तीन किलोमीटर. मैदानाला साडेसात फेऱ्या. वाटेत जाड लाकडी आडवे दांडे असतात, पुरुषांसाठी तीन फूट उंच. साध्या अडथळ्याच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो. हा पडत नाही. पाय अडकला की माणूसच पडतो. असे अठ्ठावीस दांडे ओलांडायचे, आणि शिवाय सात वेळा दांड्यापलीकडच्या पाण्याच्या हौदावरून उडी मारायची. सगळ्या मिळून पस्तीस उड्या. ओले बूट घेऊन पळत राहायचं. आपल्या बायांना हे समजायला अवघड नाही. डोक्यावर हंडा घेऊन बांध ओलांडणाऱ्या बाईला दम कसा राखायचा आणि पाऊल कुठे टाकायचं, ते चांगलं कळतं.

या शर्यतीत भारताचा विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता, ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांचा. तो १९८१ सालचा. सदतीस वर्षं कुणाला मोडता आला नव्हता. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने तो मोडला. किती फरकाने? साधारण एका सेकंदाने. वेळ होती ८ मिनिटं २९.८० सेकंद.

इथून पुढचा हिशेब मात्र आपल्या गटाच्या वहीसारखा आहे, म्हणून नीट ऐका. पुढच्या वर्षी पतियाळाला त्याने ८:२८.९४ केलं. त्याच वर्षी दोह्याला ८:२५.२३, आणि तिथेच तीन दिवसांनी ८:२१.३७. २०२१ मध्ये आधी ८:२०.२०, मग टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये ८:१८.१२. २०२२ मध्ये तीनदा: ८:१६.२१, ८:१२.४८ आणि ८:११.२०. आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१. मोजलंत का? दहा वेळा. पहिला विक्रम दुसऱ्याचा मोडला, पुढचे नऊ स्वतःचेच. सहा वर्षांत सगळे मिळून एकवीस सेकंद कमी केले. कधी पाऊण सेकंद, कधी दीड, कधी चार. एका दमात एकवीस सेकंद कुणालाच कमी करता येत नाहीत. महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून गटाचं भांडवल कसं उभं राहतं, ते ज्या बाईने पाहिलंय तिला हे वेगळं समजवायची गरज नाही.

आता दोह्याची गोष्ट सांगते, कारण ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. २०१९ ची जागतिक स्पर्धा. प्राथमिक फेरीत अविनाश पळत होता. पुढचे धावपटू अडखळून पडले आणि त्यांच्यामुळे याची वाट अडली. तरी तो पळाला, राष्ट्रीय विक्रमही केला, पण अंतिम फेरीत जायला नंबर पुरला नाही. आपल्याकडे अशा वेळी काय म्हणतात? नशीब, दुसरं काय. भारतीय पथकाने तसं म्हटलं नाही. त्यांनी रीतसर तक्रार दिली की आमच्या खेळाडूला अडथळा झाला. पंचांनी तपासलं, म्हणणं मान्य केलं आणि अविनाशला अंतिम फेरीत घेतलं. त्या अंतिम फेरीत तो तेरावा आला. पण तिथे त्याने जी वेळ दिली, तिनेच त्याला टोकियो ऑलिम्पिकचं दार उघडलं. १९५२ नंतर या शर्यतीत ऑलिम्पिकला गेलेला तो पहिला भारतीय पुरुष. बायांनो, वेळेवर दिलेल्या एका तक्रारीचं हे मोल आहे. रेशनचं असो, घरकुलाचं असो की रोजगार हमीच्या मजुरीचं असो, आपल्यावर अन्याय झाला तर तोंडी बोलून थांबू नका. लेखी द्या आणि पोच घ्या.

टोकियोला तो अंतिम फेरीत गेला नाही. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. या शर्यतीवर केनिया देशाचं राज्य. १९९८ पासून प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानेच नेलेली, सोनं, रूपं, कांस्य, सगळं. अविनाश त्या केनियाच्या धावपटूंमध्ये घुसला आणि रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

२०२३ मध्ये चीनच्या हांगझौला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तिथे तो सुरुवातीपासून पुढे गेला तो शेवटपर्यंत पुढेच राहिला. रौप्य आणि कांस्य घेणारे दोघे जपानचे धावपटू त्याच्या बरेच मागे होते. आशियाई स्पर्धेत या शर्यतीचं सुवर्ण जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. त्याच स्पर्धेत पाच हजार मीटरचं रौप्यही मिळालं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो अंतिम फेरीत पोचला आणि अकरावा आला. या शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत त्याआधी एकही भारतीय पुरुष पोचला नव्हता. मे २०२५ मध्ये कोरियात आशियाई अजिंक्यपद त्याने जिंकलं. आणि जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीपाशी तो पडला. गुडघ्याला मोठी दुखापत झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा गेली. खेळाडूचं आयुष्य असंच असतं. दोन महिन्यांत सुवर्णापासून दवाखान्यापर्यंत.

ही झाली अविनाशची कारकीर्द. आता यातून घ्यायचं काय?

आपल्याकडे अशा माणसाचा सत्कार असला की भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं: गरिबीने त्याला घडवलं, सहा किलोमीटर पळून शाळेत गेला म्हणून मोठा झाला. मला हे वाक्य पटत नाही. ताईंनो, सहा किलोमीटर चालत शाळेत जाणारी लेकरं आपल्या जिल्ह्यात कमी होती का? आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, कुठल्याही वस्तीवर विचारा. त्या सगळ्यांचे पाय मजबूतच होते. मग ती सगळी ऑलिम्पिकला का गेली नाहीत? गरिबीने धावपटू घडत असता तर आपल्या जिल्ह्यात घरटी एक पदक असतं.

अविनाशच्या गोष्टीत पाय त्याचे आणि मेहनत त्याची, यात वाद नाही. पण वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी त्याला काय काय मिळालं, ते मोजा. महिन्याचा पगार मिळाला, म्हणून घरच्यांना वाटलं नाही की पोरगं वेळ वाया घालवतंय. पोटभर आणि ताकदीचं जेवण मिळालं. बूट मिळाले. पळायला मैदान आणि सरावाला वेळ मिळाला. याच्यात काहीतरी आहे, हे ओळखणारा प्रशिक्षक मिळाला. दुखापत झाली तर डॉक्टर मिळाला. पुढे अमेरिकेत कोलोरॅडोच्या उंच डोंगराळ भागात, स्कॉट सिमन्स या प्रशिक्षकाकडे सराव करायची सोय झाली. दोह्याला वाट अडली तेव्हा त्याच्या वतीने तक्रार देणारं कुणीतरी होतं.

जगभरात असंच आहे. जपानमध्ये मोठमोठ्या कंपन्या आपले धावण्याचे संघ ठेवतात. खेळाडू कंपनीचा नोकर असतो, पगार घेतो आणि पळतो. केनियातले कितीतरी धावपटू पोलिसात, सैन्यात, तुरुंग खात्यात नोकरीला असतात. पोटाची काळजी मिटल्याशिवाय सेकंदाचा हिशेब कुणाला सुचत नाही.

आता आपल्या मुलींकडे बघा. अविनाशला बारावीनंतर सैन्याचं दार उघडं होतं. आपल्या मुलीला बारावीनंतर कुठलं दार उघडं असतं? कितीतरी घरांत बारावीच येत नाही. दिवाळी सरली की आपल्या गावांतून कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. आई-बाप फडावर जाणार, मग वयात आलेल्या पोरीला मागे कुणाजवळ ठेवायचं, हा प्रश्न. एकतर पोरगी बरोबर जाते, कोपीत राहते, लहान भावंडं सांभाळते आणि तिची शाळा सुटते. नाहीतर तिचं लग्न लावून टाकतात. तिचे पाय कितीही चपळ असोत, पंधराव्या वर्षी ती शर्यतीतून बाहेर.

खेळाच्या जगानेही बायांना उशिराच आत घेतलं. अविनाश पळतो ती शर्यत पुरुषांसाठी शंभर वर्षांपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. बायकांसाठी ती सुरू झाली २००८ साली. आणि त्यानंतर आठच वर्षांत, २०१६ ला, रिओ ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी आपल्या महाराष्ट्राच्या मुलीने गाठली. ललिता बाबर, सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची. माण म्हणजे आपल्यासारखाच दुष्काळी मुलूख. ती दहावी आली. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४ नंतर, ऑलिम्पिकमध्ये पळण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. पुढे ती राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाली. म्हणजे अविनाश ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचला त्याच्या आठ वर्षं आधी ललिता पोचली होती. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारतीय मुलींनी तो जिंकला. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची आपल्या केज तालुक्यातली. तेव्हा मुलींना जमत नाही, असं आता कुणी म्हणू नये.

सगळ्याच मुली ऑलिम्पिकला जाणार नाहीत, हे मलाही कळतं. पण पळण्याचा उपयोग पदकापुरता नाही. राज्याच्या पोलीस भरतीत महिलांना तीस टक्के जागा राखीव असतात. मैदानी चाचणीत मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, शंभर मीटर पळायचं असतं आणि गोळा फेकायचा असतो. तिन्ही मिळून पन्नास गुण. हे गुण क्लासची फी भरून मिळत नाहीत, पायातच असावे लागतात. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. म्हणून मुलीला मिळालेलं स्पर्धेचं प्रत्येक प्रमाणपत्र पेटीत कपड्यांखाली न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपा. पुढे त्याची पडताळणी होते, तेव्हा मूळ कागदच लागतो.

आता आपल्या भागातली एक गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही. मी सहयोगिनी म्हणून ज्या गटांचं काम बघते, त्यातल्या एका गटात एका ताईची मुलगी नववीत होती. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत आठशे मीटरला पहिली आली. आता जिल्ह्याला, बीडला जायचं. वडील म्हणाले, सोबत कोण जाणार? पोरीला एकटी धाडायची नाही. शाळेत बाई शिक्षिका नव्हत्या. आई रोजंदारी बुडवू शकत नव्हती. गटाच्या बैठकीत ती रडायला लागली. तेव्हा एका वयस्कर मावशींनी विचारलं, आपल्या दंडाच्या पैशाचं काय झालं? उशिरा येणाऱ्या बायांकडून गट जो दहा-दहा रुपये दंड घेतो, ते पैसे पडून होते. एसटीत बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चही फार नव्हता. ठराव लिहिला, सह्या-अंगठे झाले. आणि ज्या मावशी बोलल्या होत्या, त्याच सोबत गेल्या.

पोरगी जिल्ह्याला चौथी आली. पदक काही मिळालं नाही. पण तिथून परत आल्यावर वडील गावात सांगत फिरले, माझी पोरगी जिल्ह्याला चौथी. त्या हंगामात आई-बाप कारखान्याला गेले तेव्हा पोरगी आजीजवळ राहिली. गटातल्या चार बायांनी वाटून घेतलं: रात्री आजीच्या घरी कुणी ना कुणी झोपायला जायचं. लग्नासाठी एक स्थळ आलं होतं, ते तिथेच थांबलं. आता ती बारावीत आहे आणि पहाटे पाचला पळते. भरतीत लागेल की नाही, मला माहीत नाही. पण ती अजून शर्यतीत आहे.

अविनाशला जे सैन्याने दिलं, त्यातला थोडा वाटा या पोरीला गटाने दिला. सोबत, तिकिटाचे पैसे, रात्रीची राखण. एवढंच, पण वेळेवर दिलं.

म्हणून माझं मागणं आहे, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वही मिटू नका. दहा मिनिटं या पाच गोष्टींवर बोला.

एक. आपल्या गावात आठवी ते बारावीच्या मुली किती आणि त्यातल्या किती जणींचे आई-बाप तोडीला जाणार, याची यादी करा. ज्यांना मागे आधार नाही, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची शाळेत चौकशी करा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. आणि ही चौकशी दिवाळीच्या आधी करा. कोयते निघाल्यावर नाही.

दोन. शाळा लांब असेल तर मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेतून. पास आहे पण शाळेच्या वेळेला गाडीच नाही, अशी स्थिती असेल तर ग्रामसंघाच्या नावाने आगारप्रमुखांना अर्ज द्या. पळत शाळेत जाणं ही कौतुकाची गोष्ट नाही, ती गैरसोय आहे.

तीन. पळणाऱ्या मुलीच्या ताटात बघा. आधी भाऊ, मग बाप, आणि उरलं तर पोरगी, हे बंद करा. अंडं, शेंगदाणे, गूळ, डाळ, जे परवडेल ते तिलाही. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर ती घेते का, ते विचारा. अंगात रक्त नसेल तर दम लागणारच.

चार. पहाटे मुली पळायला जातात त्या रस्त्यावर दोन-दोन बायांनी पाळीपाळीने उभं राहायचं. आपल्यालाही तेवढंच चालणं होईल. मुलींच्या कपड्यांवर, पळण्यावर कुणी टोमणा मारला तर उत्तर पोरीने द्यायचं नाही, आपण द्यायचं.

पाच. अठराच्या आत लग्न ठरत असेल तर १०९८ या नंबरवर फोन करा. फोन करणाऱ्याचं नाव सांगावं लागत नाही. पण त्याच्या आधी गटातल्या चार जणींनी त्या घरी जाऊन बसा. बहुतेक वेळा आई-बापाला पोरीचं लग्न नको असतं, पोरीला ठेवायला सुरक्षित जागा हवी असते. ती जागा आपण दाखवू शकलो तर अर्धं काम झालं.

अविनाशने एकवीस सेकंद कमी करायला सहा वर्षं घेतली. आपणही एका बैठकीत गाव बदलायला निघालेलो नाही. या हंगामात प्रत्येक गटाने एका मुलीची शाळा टिकवली, तर पुढच्या वर्षी त्याच वहीत पुढचा आकडा लिहिता येईल.

तुमच्या गटाने काय ठरवलं, ते आपल्या सहयोगिनीला किंवा सीआरपी ताईला नक्की कळवा.